खोकडाचा हिस्सा

एखाद्या वाळक्या, सुरकुतलेल्या माणसाला मराठीत चिडून 'म्हातारं खोकड' म्हणतात. म्हणणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी खोकड पाहिलेले असते आणि पाहणाऱ्यांतले निम्मे त्याला कोल्ह्याचे पिल्लू समजतात. शाळेच्या पुस्तकात द्राक्षांना आंबट म्हणणारा तो कोल्हा. काकडीला राजी होणारा, तोही कोल्हाच. खोकडाच्या वाट्याला ना गोष्ट आली, ना म्हण. आली ती एक शिवी. आमच्या घरी दखनीत त्याला 'लोमडी' म्हणतात आणि तिथेही त्याच्या नावाला 'मक्कार' चिकटलेलेच असते.

आम्ही दोघी जावा. थोरली या घरात येऊन 22 वर्षे झाली, धाकटीला 14. हा लेख आम्ही दोघींनी मिळून लिहिला आहे. एकीने सांगितले, दुसरीने लिहून काढले, भांडणे दोघींनी केली. आमचे घर उत्तर सोलापूर तालुक्यात, गावाच्या अगदी टोकाला आहे. नान्नजचे माळढोक अभयारण्य आमच्यापासून फार लांब नाही. घरामागे चार एकर जिरायत रान आहे. त्यात रब्बीची ज्वारी, थोडी तूर, पाऊस बरा झाला तर कांदा. रानाच्या पलीकडे आमचाच दीड एकरांचा मुरमाड तुकडा आणि त्याच्या पुढे नजर पोहोचेल तिथवर माळ. त्या मुरमाड तुकड्यात खोकडाचे बीळ आहे.

ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यासाठी सांगतो. खोकड मांजरापेक्षा जरासे मोठे, वजनाने 2 ते 4 किलो. कोल्हा त्याच्या तिप्पट भरेल. रंग वाळलेल्या गवतासारखा राखाडी-पिवळा, पाय काटकुळे, कान चेहऱ्याच्या मानाने मोठे आणि शेपूट चांगली झुपकेदार. शेपटीचे टोक काळे असते, एवढी एक खूण लक्षात ठेवली तरी पुरे. हे जनावर भारतीय उपखंडाबाहेर कुठे सापडत नाही. दाट जंगल त्याला मानवत नाही. त्याला हवा उघडा माळ, कुसळीचे गवत, मधूनमधून तरवड, हिवर, बोराटीची झुडपे. म्हणजे सरकारी कागदावर जिला पडीक म्हणतात, अशी जमीन.

आमच्याकडे संध्याकाळी मगरिबची नमाज झाली की चूल पेटवायच्या आधी पंधरा-वीस मिनिटे रिकामी मिळतात. तेवढा वेळ आम्ही धाब्यावर जाऊन बसतो. धाबे म्हणजे आमच्या जुन्या घराचे मातीचे छप्पर. तिथून बीळ दोनशे-अडीचशे पावलांवर दिसते. त्याला तोंडे पाच-सहा आहेत. एका तोंडातून आधी कान वर येतात, मग डोके. मग बराच वेळ काहीच हलत नाही. ते ऐकत असते. गावातली मोटरसायकल, कुणाची तरी हाक, टिटवीचा ओरडा, सगळे ऐकून घेते आणि मगच बाहेर पडते. पहिले काम आळस देण्याचे. पुढचे पाय ताणून, पाठ वाकवून, अगदी आमच्या मुलांसारखे. मग दोघे असतील तर एकमेकांचे तोंड हुंगतात आणि वेगवेगळ्या दिशांना जातात. खोकडे जोडीने राहतात. पिल्ले नर-मादी दोघे मिळून वाढवतात. आमच्या अम्मा, म्हणजे सासूबाई, यावर दरवर्षी एकच वाक्य बोलतात, आणि ते घरातल्या पुरुषांना ऐकू जाईल अशा आवाजात.

वर्षाचा हिशोब साधारण ठरलेला आहे. थंडीत, डिसेंबर-जानेवारीला, रात्री त्यांचे ओरडणे वाढते. कोल्हेकुईसारखा लांब सूर नसतो, तुटक, किरकिरा आवाज असतो. पन्नास-एक दिवसांनी पिल्ले होतात. पहिला महिनाभर ती बिळातच असतात. मार्च-एप्रिलला एखाद्या संध्याकाळी अचानक बिळाच्या तोंडाशी दोन-तीन काळसर गोळे दिसतात. 2023 साली रमजान मार्चच्या अखेरीस सुरू झाला. सहेरीसाठी उठलो की चुलीपाशी जायच्या आधी एक फेरी धाब्यावर व्हायची. त्या महिन्यात मुलांना सहेरीला उठवावे लागले नाही. फजरच्या अजानीच्या सुमारास मादी तोंडात काहीतरी धरून परत यायची. कधी उंदीर, कधी सरडा, कधी नुसतीच हात हलवत यावे तशी रिकामी. रिकामी आली तरी पिल्ले तिच्या तोंडाला तोंड लावून शोधत राहायची.

जूनचा पहिला पाऊस झाला की जमिनीतून पंखांची वाळवी उठते. त्या संध्याकाळी खोकडांची मेजवानी असते. ती धावत नाहीत, जागच्या जागी उड्या मारून हवेतले किडे पकडतात. पावसाळ्यात नाकतोडे आणि शेणकिडे, हिवाळ्यात बोरे, बाकी बारा महिने उंदीर. आमच्या ज्वारीत उंदीर किती नुकसान करतात हे शेतकऱ्याच्या घरात सांगायला नको. कोंबड्यांचे विचाराल तर आम्ही त्या दिवस मावळायच्या आत खुराड्यात कोंडतो. खोकडाने आमची एकही कोंबडी नेलेली नाही. मांजरांनी नेलेली पिल्ले मात्र आम्ही मोजू शकतो.

आता मूळ विषयावर येतो. आमच्या नणंदेची मुलगी लग्नानंतर लंडनला गेली. तिच्या घरामागे लहानशी बाग आहे आणि त्या बागेत रोज रात्री कोल्हा येतो. आपला कोल्हा नव्हे. तिकडचा तांबडा, खोकडाच्या जातीतला, पण अंगाने दुप्पट. द्राक्षांच्या गोष्टीतला तो हाच. मराठीत येताना त्याचा कोल्हा झाला. इंग्लंडच्या शहरांत हे प्राणी 1930 च्या दशकापासून वस्ती करून आहेत. लोक त्यांच्यासाठी बागेत खाणे ठेवतात. शेजारची एक म्हातारी रोज त्याला उकडलेली अंडी ठेवते म्हणे. भाचीने तसा एक व्हिडिओ पाठवला. कोल्हा दारापर्यंत येतो, थाळीतले उचलतो आणि पायऱ्यांवर बसून खातो. खाली तिने विचारले होते, "मामी, तुमच्याकडे तर घरामागेच आहेत. तुम्ही त्यांना काय देता?"

मुलांनी हा प्रश्न उचलून धरला. आपण काहीच देत नाही, हे त्यांना एकदम जाणवले. धाकटीचा मुलगा नऊ वर्षांचा. तो म्हणाला, "आपण रोज उरलेली भाकरी शेळीला देतो, हाडं मांजराला देतो. लोमडीला का नाही? तिची पिल्लं उपाशी असतील तर गुनाह आपल्याला लागेल."

प्रश्न साधा नव्हता. आपल्या घरांत मुलांना लहानपणापासून तहानलेल्या कुत्र्याची हदीस सांगितली जाते. विहिरीत उतरून, चामडी मोज्यात पाणी भरून, तोंडात धरून वर आणून ज्याने त्या कुत्र्याला पाजले, त्याला अल्लाहने माफ केले. मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईची हदीसही ती मुले ऐकतात. मग त्याच मुलांना खोकडाला घास टाकू नका असे कसे सांगायचे?

अम्मांना मात्र काही प्रश्न पडला नाही. त्या या घरात आल्या तेव्हापासून त्यांचा नियम आहे. "ताटातलं माणसाला, ताटाखालचं शेळी-कोंबडीला. माळावरच्याला माळ आहे." मुलाने हट्ट धरला तेव्हा त्यांनी त्याला जवळ बसवून सांगितले, "ज्याला घरचं दिलं तो दारात येतो. आज आपल्या दारात, उद्या शेजाऱ्याच्या. आपण थाळी ठेवू, शेजारी काठी घेईल. मग ते मेलं कुणामुळं?"

मुलाचे समाधान झाले नाही. तो मकतबमधून हाफीज साहेबांना विचारून आला. हाफीज साहेबांनी त्याला उलट प्रश्न केला. "ज्या कुत्र्याला पाणी पाजलं ते तहानेनं मरत होतं, ओली माती चाटत होतं. तुझं लोमडीचं पिल्लू मरायला टेकलंय का?" मुलगा म्हणाला, "नाही, ते खेळतं." "मग भुकेल्याला जरूर द्यावं, पण ज्याची रोजी अल्लाहनं माळावर ठेवली आहे त्याची भूक बिघडवू नये." आणि मग त्यांनी त्याला दुसरी हदीस सांगितली, जी आम्हालाही नीट ठाऊक नव्हती. सफरीत काही सहाबांनी एका पक्षिणीची दोन पिल्ले उचलली. ती वर पंख पसरून तडफडू लागली. हुजूर (स.) परत आले आणि पाहून विचारले की हिला तिच्या पिल्लांवरून कुणी दुखावले, पिल्ले परत करायला सांगितली. हाफीज साहेब म्हणाले, "इथे खायला घालायची गोष्टच नाही. तिचं होतं ते तिला परत द्या, एवढंच."

अम्मांचे म्हणणे खरे ठरल्याचे आमच्या डोळ्यांदेखत घडले. आमच्यापासून किलोमीटरभर अंतरावर, रस्त्याच्या कडेला चार वर्षांपूर्वी एक ढाबा सुरू झाला. त्याच्या मागच्या माळावर खोकडांची दुसरी एक जोडी होती. ढाब्याचे खरकटे मागे टाकले जायचे. पहिल्या उन्हाळ्यात त्यातली एक मादी उजेडापर्यंत येऊ लागली. गिऱ्हाइकांना मजा वाटली. लोक कोंबडीचे तुकडे टाकून मोबाइलवर व्हिडिओ काढू लागले. मुद्दाम शहरातून गाड्या यायच्या. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. टाकणाऱ्यांत लहान मुले होती, ती 'ये, ये' करत होती.

पण खरकटे एकट्या खोकडाला दिसत नाही. थोरलीच्या मुलाने तेव्हा एक वही केली होती. तिच्यात ढाब्यामागच्या कुत्र्यांची संख्या आहे. मे महिन्यात 3, दिवाळीला 7, पुढच्या उन्हाळ्यात 11. मादी एका रात्री रस्ता ओलांडताना गाडीखाली गेली. रस्त्याच्या एका बाजूला बीळ आणि दुसऱ्या बाजूला लोक घास टाकत, असे झाले होते. पुढच्या मार्चमध्ये त्या बिळाच्या तोंडाशी कोळ्यांची जाळी होती. तिथे अजून कुणी राहायला आलेले नाही.

आमची थोरली मुलगी सोलापूरला बी. एस्सी. करते. तिने यावर शोधून वाचले आणि आम्हाला सांगितले. आपल्याच नान्नजच्या माळावर डॉ. अबी तमीम वनक यांनी खोकडांवर बरीच वर्षे अभ्यास केला आहे. पुढे ते बंगळुरूच्या 'एट्री' या संस्थेत शास्त्रज्ञ झाले. त्यांनी केलेला एक प्रयोग 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. माळावर खाण्याची तबके ठेवली आणि जवळपास कुत्रा आहे असे खोकडाला दिसेल अशी व्यवस्था केली. तेव्हा खोकडे तबकाकडे कमी आली, कमी खाल्ले आणि मान वर करून पाहण्यातच त्यांचा वेळ गेला. रेडिओ पट्टे बांधून केलेल्या पाहणीतही तेच दिसले. जिथे कुत्र्यांचा वावर, ती जागा खोकडे टाळतात. म्हणजे कुत्र्याने खोकडाला चावण्याचीही गरज नाही. कुत्रा नुसता माळावर हिंडत राहिला, तरी खोकडाच्या पोटात कमी जाते. आणि ती कुत्री जगतात कशावर? बहुतांशी माणसाच्या घरातून येणाऱ्या अन्नावर, असेही त्याच माळावरच्या अभ्यासात आढळले. शिवाय कुत्र्यांचे रोग. डिस्टेंपर, पार्वो, रेबीज हे आजार कुत्र्यांकडून खोकडांकडे जाऊ शकतात.

हे वाचून आम्ही लंडनच्या भाचीला फोन केला. तिला म्हटले, तुझा कोल्हा वेगळा, तुझे शहर वेगळे, तिथले तुला ठाऊक. पण मुलीने वाचलेली एक गोष्ट तिला सांगितली. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात कोल्ह्यांची दाटी फार झाली होती. तिथे 1994 साली खरूज शिरली आणि दोन वर्षांत शहरातले 90 टक्क्यांहून जास्त कोल्हे मेले. एका थाळीवर दहा तोंडे जमली की आजाराला वेगळी वाट शोधावी लागत नाही. भाची थोडा वेळ गप्प झाली. मग म्हणाली, "मामी, म्हणजे बघायचंही नाही का?" आम्ही म्हटले, बघ की, हवे तितके बघ. आम्ही 22 वर्षे बघतो आहोत आणि अजून पोट भरले नाही.

मग आम्ही काहीच देत नाही का? देतो. पण ते थाळीत ठेवत नाही, एवढेच.

बांधावर बोराटीची सात-आठ झुडपे आहेत. त्यांच्या काट्यांनी आमच्या ओढण्या फाटतात. ती तोडून टाकावीत असे दरवर्षी कुणी ना कुणी सुचवतो. ती आम्ही ठेवली आहेत. वरची बोरे मुले खातात, खाली पडलेली खोकडे उचलतात. त्यांच्या विष्ठेत बिया दिसतात, म्हणजे पुढची झाडे लावण्याचे कामही तीच करतात. मुसलमानाने लावलेल्या झाडातून किंवा पेरलेल्या शेतातून माणूस, पाखरू, जनावर कुणीही खाल्ले तरी तो त्याच्यासाठी सदका ठरतो, ही हदीस आपण सगळ्यांनी ऐकली आहे. आम्हाला ती आता जास्त कळते. त्यात कुणाला हाक मारून बोलवायचे नाही. झाड उभे ठेवायचे. कोण येऊन खाऊन गेले ते आपल्याला कळलेही नाही तरी चालते.

उंदरांसाठी रानात विषाच्या गोळ्या टाकणे आमच्या घरच्या पुरुषांनी बंद केले आहे. विष खाल्लेला उंदीर खोकडाने खाल्ला तर तेही मरू शकते आणि मग पुढच्या वर्षीचे उंदीर कोण खाणार? शेळ्यांच्या पाण्याचा हौद रानाच्या कडेला, घरापासून दूर आहे. त्याची एक कड उतरती ठेवली आहे. रात्री तिथे कोण कोण पाणी पिऊन जाते ते सकाळी ओल्या मातीत दिसते. खोकड, मुंगूस, कधी तित्तर.

आणि बकरी ईद. गेली काही वर्षे ती जूनमध्ये येत होती, नेमकी पिल्ले बिळातून बाहेर पडून हिंडायला शिकतात त्या दिवसांत. कुर्बानीचे मांस तीन हिश्शांत वाटले जाते. घरचा, नातेवाइकांचा, गरिबांचा. चौथे जे उरते, आतडी, कोथळा, खुरांचे तुकडे, ते गावोगाव माळावर नेऊन फेकतात. फेकणाऱ्याला वाटते, जनावरे खातील, सवाब मिळेल. आमच्या गावात अम्मांच्या सांगण्यावरून सासऱ्यांनी ही रीत पंचवीस वर्षांपूर्वीच बंद केली होती. आता मशिदीच्या जमातीने सगळ्यांसाठी एकच व्यवस्था केली आहे. ईदच्या आदल्या दिवशी कमरेइतका खोल खड्डा, तीन दिवस सगळ्यांनी त्यातच टाकायचे, वर चुना, वर माती, वर काटेरी फांद्या. वास नाही, माशा नाहीत, कुत्र्यांची झुंड नाही आणि शेजारपाजारच्या हिंदू घरांची तक्रारही नाही. पावसाळ्यानंतर त्या जागेवर आम्ही शेवगा लावतो.

एवढे सगळे सोपे होते. अवघड होता तो दीड एकराचा तुकडा.

सातबाऱ्यावर त्या तुकड्यापुढे 'पोटखराबा' लिहिलेले आहे. म्हणजे लागवडीला अयोग्य. सासरे हयात असेपर्यंत त्यांनी त्याला नांगर लावला नाही. शेळ्या चरायच्या, गवत कापून आणायचे, बस्स. दोन वर्षांपूर्वी आमच्या भागात रस्त्यांची कामे निघाली आणि मुरमाला भाव आला. एक ठेकेदार घरी आला. परवान्याचे, रॉयल्टीचे आम्ही बघतो, तुम्ही फक्त हो म्हणा, दोन महिन्यांत काम संपेल, वर जमीन सपाट होऊन मिळेल. जी रक्कम त्याने सांगितली, तिच्यात आमच्या स्वयंपाकघरावर स्लॅब पडला असता. स्वयंपाकघरावर पत्रे आहेत. पावसाळ्यात तीन ठिकाणी तपेली ठेवावी लागतात आणि त्यांतले पाणी ओतायला रात्री उठावे लागते. उठतो आम्ही दोघी.

म्हणून आम्ही खोटे लिहिणार नाही. ठेकेदार गेला त्या रात्री आम्हा दोघींचे एकमत नव्हते. थोरलीला वाटत होते, बीळ आहे तेवढा कोपरा सोडून बाकीचा मुरूम द्यावा. धाकटीचे म्हणणे होते की जेसीबी एकदा आत आला की कोपरा कुठे सुरू होतो ते त्याला कळत नाही. पुरुषांमध्येही तसेच दोन तट. शेवटी थोरल्या भाऊजींनी बार्शीला फोन लावला. कारण सातबाऱ्यावर वारस म्हणून दोन भावांबरोबर बहिणीचेही नाव आहे. आमच्या सासऱ्यांनी मुलीचा हिस्सा शरीयतप्रमाणे ठेवायचा असे मरणाआधी बजावले होते, आणि भावांनी तो ठेवला. हक्कसोडपत्रावर तिची सही मागितली नाही.

नणंद दुसऱ्या दिवशी एस. टी. ने आली. चहा पिऊन सरळ त्या तुकड्यावर गेली, एकटी. परत येऊन म्हणाली, "माझा हिस्सा आज वाटून द्यायचा असेल तर मला चांगल्या रानात नको. तिकडंच द्या." भाऊ म्हणाले, अगं, तिथे काही पिकत नाही. ती म्हणाली, "लहानपणी मी तिथं शेळ्या राखल्या. काय काय पिकतं ते मला ठाऊक आहे. बीळ तेव्हापासून आहे. आपण तीन वारस कागदावर आहोत, ते चौथं कागदावर नाही, एवढाच फरक आहे."

यावर कुणी काही बोलले नाही. ठेकेदाराला नाही म्हणून कळवले. स्लॅब पडलेला नाही. या पावसाळ्यातही तपेली ठेवली होती. धाकट्या भाऊजींना अजूनही वाटते की अर्धा एकर दिला असता तर काही बिघडले नसते आणि त्यांचे म्हणणे चुकीचे आहे असे आम्ही म्हणणार नाही. घर चालवणाऱ्याला हिशोब करावाच लागतो. ठेकेदार पुन्हा येईल, भाव वाढवून येईल. तेव्हा काय होईल ते तेव्हा. पण मार्च-एप्रिलला तिथे जेसीबी जाणार नाही, पिल्ले असताना तर नाहीच, एवढे घरात सगळ्यांनी मिळून ठरवले आहे.

ज्यांची घरे माळाला लागून आहेत, त्या वाचकांना अनुभवातून काही गोष्टी सांगाव्याशा वाटतात. बीळ दिसले तर जवळ जाऊ नका. त्यात हात किंवा काठी घालू नका, धूर करू नका. लांबून, वारा आपल्याकडे येत असेल अशा जागी बसा आणि टॉर्च लावू नका. मुलांना मोबाइल नको, वही द्या. तारीख, वेळ, किती दिसली, काय करत होती, एवढे लिहायला सांगा. दहा दिवसांत त्यांना स्वतःहून गोष्टी दिसू लागतात. एकटे पिल्लू सापडले म्हणजे ते अनाथ आहे असे समजून घरी आणू नका. आई बहुधा जवळच असते. खोकड पकडणे, पाळणे, मारणे हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. जखमी जनावर दिसले किंवा भर दिवसा अडखळत, तोंडाला फेस येऊन हिंडणारे दिसले, तर हात न लावता वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा. कुठल्याही जनावराने चावा घेतला, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात रेबीजची लस घ्या. झाडपाला, ताईत यावर वेळ घालवू नका. गावातल्या कुत्र्यांना रेबीजची लस टोचून घेण्याचा विषय ग्रामसभेत काढा. दोष कुत्र्यांचा नाही. तीही अल्लाहचीच मखलूक आहे आणि आपल्याच खरकट्यावर वाढलेली आहे.

आणि आपल्या सातबाऱ्यावर कुठे 'पोटखराबा' लिहिलेला तुकडा असेल, तर तो सपाट करायच्या आधी एका संध्याकाळी तिथे जाऊन बसा. दिवस मावळल्यावर अर्धा तास. काही दिसले नाही तर तुमची जमीन, तुमचा निर्णय. दिसले तर मात्र घरातल्या सगळ्यांना, विशेषतः बहिणींना आणि म्हाताऱ्या माणसांना, विचारल्याशिवाय काही ठरवू नका.

तुमच्या भागात खोकडाला काय म्हणतात, ते दिसते का, पूर्वी दिसायचे आणि आता दिसत नाही असे झाले आहे का, हे वाचक भगिनींनी मासिकाला जरूर लिहून कळवावे. आमच्या मुलांच्या वहीत अजून बरीच पाने कोरी आहेत. तुमच्या गावाचे नाव घालून ती तुमचे पत्र त्यात उतरवून घेतील.